घराच्या हितासाठी

ऑगस्ट महिना सोडून डॉन उर्बेस एस्कार्तिन गावात आले, की कोणीतरी मेले असणार असे ओरुएनमध्ये धरून चालत. या खेपेस ते ऑक्टोबरात आले आणि मेले कोणीच नव्हते. उलट दोन माणसे जगायला निघाली होती. त्यांना तसे करू द्यावे की नाही, हे ठरवण्यासाठीच डॉन उर्बेसांना सारागोसाला बोलावणे गेले होते.

बसमधून उतरताना त्यांनी प्रथम चामड्याची पिशवी खाली दिली, मग छत्री, मग टोपी, आणि सरतेशेवटी स्वतःला. पेलायरेंच्या घराच्या फाटकाशी उभी राहून ओरोसिया हे पाहत होती. हा माणूस उतरतोसुद्धा कलमाकलमाने, असे तिच्या मनात आले. ती पुढे झाली नाही. हात पुसत तिथूनच म्हणाली, "या, भाऊजी. रस्ता आठवतोय ना?"

"वहिनी, या रस्त्याच्या हक्कावर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिलं आहे."

"म्हणूनच विचारलं," ओरोसिया म्हणाली आणि आत वळली.

पेलायरे हे घराचे नाव, माणसांचे आडनाव एस्कार्तिन. त्या घरात तीन भाऊ. थोरला बिथेन, ओरोसियाचा नवरा, घराचा वारस. त्या डोंगरात घर एकाचेच असते. शेत, कळप, छप्पर आणि चुलीवर भांडे टांगायची साखळी यांची वाटणी होत नाही. इतरांना दोन वाटा मोकळ्या असतात. आपला वाटा घेऊन बाहेर पडावे, किंवा घरातच अविवाहित राहून जन्मभर राबावे. अशाला तियोन म्हणतात, आणि आजारी असो की धडधाकट, त्याला पोसणे हे घराचे कर्तव्य मानतात. धाकटा एलादियो तियोन झाला. मधला उर्बेस बाहेर पडला.

तो बाहेर पडला हे सर्वांच्याच सोयीचे झाले. गवताने त्याला खोकला येई, लोकरीने पुरळ उठे, आणि मेंढ्या त्याला पाहताच वाट सोडून चढणीला लागत. त्याचा वाटा म्हणून वडिलांनी त्याला शिक्षण दिले. आधी वेस्काच्या पाद्री-विद्यालयात घातले. तिथे त्याला असे आढळले की देवाला पहाटे उठलेली माणसे लागतात, कायद्याला लागत नाहीत. तो सारागोसाला गेला, कायदा शिकला, कायदा शिकवू लागला, आणि ज्या डोंगरातून तो सुटला होता त्याच डोंगराचा अधिकारी भाष्यकार झाला.

डॉन उर्बेसांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सगळ्या देशाला एकच संहिता पुरे, अशा मताची विद्वान मंडळी माद्रिदला बसली होती. आरागोन प्रांतातल्या जुन्या रीती म्हणजे कपड्यांना आलेला मेंढ्यांचा वास, खिडकी उघडली की जाईल, असे त्यांना वाटे. डॉन उर्बेसांनी कित्येक वर्षे ती खिडकी उघडू दिली नाही. जुनी करारपत्रे, लॅटिन वचने आणि स्वतःचा हट्ट यांच्या बळावर त्यांनी डोंगरातल्या रीती कलमांत बसवल्या. त्यांतले एक कलम विधवेचे: नवरा गेल्यावर ती विधवा राहील तोवर घरादाराचा उपभोग तिचा, तिला चुलीपुढून कोणी उठवू शकत नाही. त्या एका कलमाने कितीतरी चुली विझू दिल्या नाहीत. दोन हिवाळ्यांपूर्वी बिथेन मूलबाळ नसताना छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा ओरोसियाचीही नाही. ज्या माणसाविषयी मनात तसूभरही आदर उरला नाही, त्याच्याच शब्दांच्या छपराखाली आपण राहतो, हे तिला ठाऊक होते. आणि त्यामुळे तिचा तिरस्कार मवाळ होण्याऐवजी अधिक धारदार झाला होता.

तो तिरस्कार जुना होता. तिचे लग्न ठरले तेव्हा दोन्ही घरांची बोलणी चालली असताना हे गृहस्थ कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. तिच्या वडिलांनी खेचराच्या किमतीवरून शिवी दिली, तेव्हा यांनी बोट वर करून विचारले होते, "कृपया, तेच पुन्हा म्हणाल का?" त्यानंतर दर ऑगस्टात ते विद्यार्थ्यांचा जथा घेऊन येत, चुलीभोवतीच्या लांब लाकडी बाकावर त्यांना बसवीत आणि मग हाक मारीत, "एलादियो!" गोठ्यातून एलादियो येई, टोपी हातात घेऊन उभा राही.

"हा पाहा तियोन," डॉन उर्बेस सांगत. "संन्याशाने मठासाठी जे करावे, ते हा घरासाठी करतो. स्वेच्छेने. आणि मागत काही नाही."

विद्यार्थी लिहून घेत. एलादियो शेण काढायला परत जाई. भांडी विसळता विसळता ओरोसिया पुटपुटे, "मागत नाही, कारण विचारलंच नाही कुणी."

शेवटी तिनेच विचारले. या वर्षीच्या उन्हाळ्यात, पाण्याच्या डोणीपाशी. दोघे गाईंना पाणी पाजत होते. गावात कुजबुज सुरू झालीच होती. एका छपराखाली एक विधवा आणि एक अविवाहित दीर, एवढे गावाला पुरे होते.

"एलादियो, लग्न करशील?"

त्याने बराच वेळ गाईकडे पाहिले. "कुणाशी?"

"त्या गाईशी. अरे, माझ्याशी!"

त्या दिवसापासून तो रोज दाढी करू लागला. ओरोसियाने ते उत्तर समजून घेतले.

प्रश्न घराचा होता. विधवेने दुसरे लग्न केले की तिचा उपभोग संपतो, घर मेलेल्या नवऱ्याच्या माणसांकडे जाते. याला त्या डोंगरात एकच पळवाट, आणि तीही डॉन उर्बेसांनीच कलमात जपून ठेवलेली: घरलग्न. मेलेल्या वारसाच्या नातलगांची बैठक बसते, आणि तिने एकमुखाने संमती दिली तर विधवेला दुसरा नवरा करूनही घर सोडावे लागत नाही. बैठकीत बसणार होते तिघे: एलादियो स्वतःच नवरदेव असल्याने उरलेला भाऊ म्हणून डॉन उर्बेस, वयाने मोठी म्हणून बिसिताआत्या, आणि खोऱ्याच्या रीतीप्रमाणे गावचे पाद्री मोसेन गालिन्दो. एकाने "नाही" म्हटले तरी संपले.

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी चुलीपुढे जमली. मेंढीच्या चरबीत परतलेला पावाचा चुरा आणि द्राक्षे ओरोसियाने आधीच पुढे ठेवली होती. भरल्या पोटी माणूस कमी बोलतो, असा तिचा अनुभव होता. डॉन उर्बेसांच्या बाबतीत तो फोल ठरला.

मोसेन गालिन्दोंनी लॅटिनमध्ये दोन ओळी म्हणून बैठक सुरू केली.

"षष्ठी, मोसेन," डॉन उर्बेस म्हणाले.

"काय?"

"तिथे षष्ठी विभक्ती हवी. तुम्ही चतुर्थी केलीत."

"देवाला समजलं असेल," मोसेन म्हणाले आणि द्राक्षांकडे वळले.

"काय म्हणतो तो?" बिसिताआत्यांनी विचारले. नको असलेले त्यांना ऐकू येत नसे.

"काही नाही, आत्या. मोसेनांचं चुकलं म्हणतात."

"लहानपणी आमच्या कोंबड्यांचंही चुकायचं, याच्या मते."

डॉन उर्बेसांनी घसा साफ केला आणि ते उभे राहिले. तिघांच्या बैठकीत उभे राहण्याची गरज नव्हती; पण बसून त्यांना विचार सुचत नसत. "वहिनी, मला तुमच्याविषयी नितांत आदर आहे. परंतु कलमातले शब्द पाहा. संमती द्यायची ती 'घराच्या हितासाठी'. हे दोन शब्द माझे आहेत. माद्रिदच्या मंडळींना ते नको होते. 'संबंधितांच्या इच्छेनुसार' असं काहीतरी पचपचीत त्यांनी सुचवलं होतं. मी ते उडवून लावलं. घर इच्छेवर चालत नाही. मग हित म्हणजे काय? वारस. आणि तुमचं वय..."

"सांगा ना, भाऊजी. कुठेतरी लिहून ठेवलंच असेल."

"...ते आता वारस देण्याचं नाही. तेव्हा घराला लाभ कोणता? आणि तुमचं तरी अडलंय कुठे? छप्पर तेच, ताट तेच, माणूसही तोच."

"पलंग तेवढा वेगळा," बिसिताआत्या म्हणाल्या. हे मात्र त्यांना ऐकू आले होते.

मोसेनांना द्राक्षाच्या बीचा ठसका लागला. एलादियो दाराशी उभा होता, त्याचे कान लाल झाले.

"आत्या, हा गंभीर विषय आहे," डॉन उर्बेस म्हणाले. "येत्या जूनमध्ये बोलोन्याहून, लुव्हेनहून विद्वान येणार आहेत. त्यांना मी या घरात आणणार आहे, याच बाकावर बसवणार आहे. त्यांना काय दाखवू? लग्न केलेला तियोन? तियोन लग्न करत नाही, म्हणून तर तो तियोन! उद्या जग म्हणेल, आरागोनच्या डोंगरातले हे भाऊ स्वेच्छेने अविवाहित राहत नव्हते, त्यांना फक्त कोणी बायको करून देत नव्हतं."

"तसंच होतं की," बिसिताआत्या म्हणाल्या. "माझ्या मामाला विचारायला हवं होतंस. मेला बिचारा उशी कवटाळून."

"त्याची नोंद माझ्याकडे आहे. तो समाधानाने गेला."

"तू बारा वर्षांचा होतास रे, उर्बेस!"

डॉन उर्बेसांनी हा पुरावा विचारात घेतला नाही. ते दाराकडे वळले आणि विद्यार्थ्यांपुढे ज्या स्वरात हाक मारीत, त्याच स्वरात म्हणाले, "एलादियो! आपण एलादियोलाच विचारू. तुला काय हवं आहे, ते मोकळेपणानं सांग."

चुलीत ओंडका फुटला. या घरात एलादियोला हा प्रश्न प्रथमच विचारला जात होता, आणि विचारणारा माणूस नेमका हा निघावा याचा ओरोसियाला संताप आला. तरी तिने त्याच्याकडे डोळे लावले. एलादियोने टोपी एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली, एकदा उजवीकडून डावीकडे.

"घर म्हणेल तसं," तो म्हणाला.

डॉन उर्बेसांचा चेहरा उजळला. जणू एखादे लुप्त झालेले सूत्र त्यांना मूळ पाठासह सापडले होते. "ऐकलंत? मोसेन, ऐकलंत? न पढवता! शब्दशः!" त्यांचा हात पेनाकडे गेला.

त्या क्षणी ओरोसियाला दोघा भावांत फरक दिसेना. एक सगळे आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडचे शब्द गोळा करण्यात घालवणारा, दुसऱ्याजवळ स्वतःचा शब्दच नाही. दोघांनाही एकाच दोरीने बांधून डोणीत बुडवावे, असे तिला मनापासून वाटले. तिने ताटे उचलायला घेतली, मग ती तशीच खाली ठेवली, आणि बाकाच्या मधोमध, बिथेनच्या जागी जाऊन बसली. तिथे ती आजवर कधी बसली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "मग मी जाते."

"कुठे जाता?"

"खाली. कारखान्याच्या गावात माझा भाऊ आहे. मला लग्न करायचंय, आणि मी ते करणार. याच्याशी नाही तर ज्याला तोंड असेल अशा कुणाशी. केलं, की तुमच्या कलमाप्रमाणे माझा हक्क संपला. घर तुमचं. घ्या."

"वहिनी, अशी घाई..."

"घाई कसली? आजच सांभाळा. कळप सपाटीवर न्यायचाय, बर्फ पडायच्या आत. तपकिरी गाय गाभण आहे, ती रात्री विते. छपराच्या उत्तरेच्या फरशा हलल्यात, वर चढावं लागेल. आणि ही आग विझू देऊ नका. सासूबाईंच्या सासूनं लावलेली आहे म्हणतात. तुमच्या पुस्तकात आहेच ते."

"माझे वर्ग आहेत! मला सारागोसात..."

"मग कुलूप लावा. जूनमध्ये ते विद्वान येतील ना, तेव्हा उघडून दाखवा. हे पाहा, घर. ही पाहा, चूल. आणि तो साखळीवर बसलाय ना, कोळी, तो पाहा वारस."

मोसेन गालिन्दो छताकडे पाहू लागले. बिसिताआत्या अतिशय समाधानाने चुऱ्याचा शेवटचा घास खात होत्या. ओरोसियाने मात्र भावाला काहीच कळवलेले नव्हते. त्याच्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि चार मुले. समोरच्या या माणसाने आत्ता नुसते "जा" म्हटले, तर तिला जावे लागणार होते. तिने शब्द उच्चारला होता, आणि तो मागे घेण्यापेक्षा कारखान्यातल्या धुराने मेलेले तिला चालले असते. ती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. ते हलले, पुन्हा मिटले.

तेव्हा दाराशी काहीतरी हालचाल झाली. एलादियोने खुंटीवरचा आपला कोट काढला होता. तो त्याने अंगात घातला, आणि मोठ्या जाड बोटांनी बटणे लावायला घेतली.

"तू कुठे निघालास?" डॉन उर्बेसांनी विचारले.

गळ्यापाशीचे बटण एलादियोला काही केल्या लागेना. मग त्याने मान वर केली, ओरोसियाकडे पाहिले, आणि ती उठण्याची वाट पाहत तो उभा राहिला.

"चला," बिसिताआत्या म्हणाल्या, "बोलला एकदाचा."

डॉन उर्बेस खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होते त्याला दुःख म्हणणे दुःखाचा अपमान झाला असता. विझलेली चूल, बंद खिडक्या, आणि त्यापुढे उभे असलेले लुव्हेनचे पाहुणे. एवढेच त्या माणसाला दिसत होते. भाऊ दिसत नव्हता, भावजय दिसत नव्हती. ओरोसियाने हे ओळखले, आणि आपण जिंकलो हेही त्याच वेळी ओळखले. एखाद्याला इतके नेमके ओळखून असण्यात काही सुख नसते. तिलाही झाले नाही.

"तथापि," काही वेळाने ते म्हणाले, आणि तो एक शब्द उच्चारताच त्यांच्या पाठीत पुन्हा ताठरपणा आला, "तथापि, हिताची कल्पना व्यापक घेता येईल. निरंतर वास्तव्य. अग्नीचं सातत्य. वारस दत्तकही घेता येतो. होय... प्रस्तुत उदाहरण संस्थेच्या जिवंतपणाचा पुरावा मानता येईल." ते पुन्हा उभे राहिले. "मी संमती देतो. पण संमतिपत्रात 'घराच्या हितासाठी' हे शब्द पहिल्या ओळीत यायला हवेत."

"शेवटच्या ओळीत घाल नाहीतर उलटे लिही," बिसिताआत्या म्हणाल्या. "माझा पाव भट्टीत आहे. सही कुठे करायची?"

मोसेनांनीही सही केली. "हो" म्हणायला त्यांना कोणी सवडच दिली नव्हती. ओरोसिया एलादियोजवळ गेली आणि त्याच्या कोटाची बटणे सोडून तिने तो पुन्हा खुंटीवर टांगला. "पुढच्या वेळी आधी बोल," ती हळूच म्हणाली. "माझा जीव गेला असता." त्याने मान डोलावली. ओरोसियाने तेवढ्यावर भागवून घेतले.

लग्न नोव्हेंबरात झाले, कळप सपाटीवर पोहोचल्यानंतर. डॉन उर्बेस आले. त्यांनी नव्या दांपत्याला आपल्या ग्रंथाची चामडी बांधणीची प्रत दिली, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना कारखान्याच्या गावाहून आलेल्या ओरोसियाच्या भावाला घरलग्नाचा उगम समजावून सांगितला. भाऊ मान डोलवीत राहिला, मधूनच त्याने विचारले, "म्हणजे हे तुम्ही केलंत?" तेव्हा डॉन उर्बेस विनयाने म्हणाले, "मी केवळ शब्द दिले."

जेवणाच्या वेळी मंडळी चुलीभोवतीच्या बाकावर बसली. मधली जागा आता एलादियोची. तो तिथे अंग चोरून बसला होता, कुणीतरी उठ म्हणेल या धास्तीने. त्याच्या शेजारी ओरोसियाची, मग आत्या, मग मोसेन. विस्तवाजवळची पाहुण्यांची जागा भावाने आणि त्याच्या चार मुलांनी व्यापली होती. डॉन उर्बेस बाकापुढून एकदा गेले, परत आले. मोकळी जागा एकच होती, दाराकडच्या टोकाला, जिथे फटीतून वारा थेट मानेवर येतो.

"तिथे बसा, भाऊजी," ओरोसिया म्हणाली.

"पण ती तर तियोनची जागा आहे, वहिनी."

"हो ना. घरात लग्न न झालेला भाऊ आता एकच उरलाय." बोलताना तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही, ती पाव कापत होती. "केव्हाही या. आजारी असा की धडधाकट, हे घर तुम्हाला जेवू घालील. सकाळी गोठा काढायचा, एवढंच."

डॉन उर्बेस हसले. परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने मजेदार चूक करावी आणि परीक्षकाने ती उदार मनाने सोडून द्यावी, तसे ते हसले, आणि आपल्याबरोबर आणखी कोण हसते हे त्यांनी बाकावरून नजर फिरवून पाहिले. मोसेन पाव मोडत होते. एलादियो भावाकडे पाहत होता. त्या पाहण्यात चेष्टा नव्हती, आणि तेच डॉन उर्बेसांना सहन झाले नाही.

"मान गुंडाळून घे, उर्बेस," बिसिताआत्या म्हणाल्या. "सवय होते."

ते बसले. वारा येत होताच. मटणाचे पातेले मधून निघाले, एकेकापुढे थांबत बाकाच्या टोकाकडे आले, आणि डॉन उर्बेसांचे ताट सर्वांत शेवटी भरले गेले. ओरोसियाने स्वतः उठून ते वाढले, आणि त्यात काही कमी पडू दिले नाही.